नवख्याने मोठा सिलिंडर घ्यावा का?

स्कूबा डायव्हिंगच्या नवख्याला कोणी 'हवा लवकर संपते, म्हणून सरळ १५ लिटरचा सिलिंडर घे' असा सल्ला दिला, तर तो मला अर्धाच पटतो. संपते हे खरंच. नेहमीचा ॲल्युमिनियम ८० म्हणजे साधारण ११ लिटरचा, ॲल्युमिनियमचा सिलिंडर. २०० बारने (बार हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात केली आणि ५० बार राखीव ठेवले, की हाताशी १५० गुणिले ११, म्हणजे १६५० लिटर हवा. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. १८ मीटर खोलीवर दाब २.८ पट, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. अर्ध्या तासात खेळ खलास! १५ लिटरमध्ये तोच हिशोब ४० मिनिटांवर जातो. पण ती जास्तीची १० मिनिटं पाठीवर वाहावी लागतात, बोटीच्या शिडीवर चढताना बरोबर कळतं. शिवाय हातवारे थांबले, श्वास संथ झाला की २० चा आकडा आपोआप उतरतो.

लिटरइतकंच सिलिंडरच्या धातूकडेही बघा. ॲल्युमिनियम ८० भरलेला असताना बुडतो, रिकामा होत आला की तरंगू लागतो. नेमकं सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना ५ मीटरवर थोडा वेळ थांबतो तेव्हा, तो तुम्हाला वर खेचतो. त्यामुळे पट्ट्यातलं शिसं (बुडायला मदत करणारं वजन) शेवटच्या ५० बारचा विचार करून ठरवा. स्टीलचा सहसा रिकामाही बुडताच राहतो, शिसं कमी लागतं. फक्त गंज सांभाळायचा. चण बारीक असेल तर १० किंवा १२ लिटरचा स्टील आधी भाड्याने वापरून बघा, विकत घ्यायची घाई नको.