मदत हवी आहे: 2003 ची स्पोर्ट्स कार घेतोय, रंगाकडून कितपत अपेक्षा ठेवावी?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्दा एमएक्स-5 घ्यायची म्हणून दोन वर्षं पैसे बाजूला टाकतोय. दुसऱ्या पिढीची, म्हणजे 1998 ते 2005 मधली हवी आहे. (पहिल्या पिढीचे ते उघडमीट करणारे दिवे जास्त आवडतात, पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांनी तिशी ओलांडलीय आणि माझ्यात तेवढी हिंमत नाही.) शोधून शोधून दोन गाड्या हाताशी आल्यात आणि दोन्हींच्या रंगाने डोकं फिरवलंय.

पहिली 2003 ची. गडद निळी, मेटॅलिक, 1,12,000 किमी. फोटोत आरशासारखी दिसत होती. प्रत्यक्ष बघितली भर उन्हात, आणि तोंडच उतरलं. घरी येऊन फोटो परत पाहिले तेव्हा कळलं की सगळेच्या सगळे गाडी धुतल्या धुतल्या, अंगावर पाणी असताना काढलेत. बॉनेटच्या पुढच्या वीतभर पट्ट्यातले टवके मोजायला घेतले, 43 वर कंटाळलो. साइड मिररच्या पुढच्या बाजूला टवके, मागच्या चाकांच्या पुढे टवके. डिकीच्या झाकणावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. पुढचा बंपर बॉनेटपेक्षा किंचित फिका.

रंगाची जाडी मोजायचं मीटर एकाकडून मागून नेलं होतं. बहुतेक पत्र्यावर 95 ते 120 मायक्रॉन, डाव्या दारावर मात्र 230-250. बॉनेटवर मीटर काहीच दाखवेना. चुंबक लावून पाहिलं तर तेही सरळ खाली घसरलं! म्हणजे अख्खं बॉनेट पुट्टीने भरलंय का? शिवाय डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या सिलवर रंगाला दोन फोड आहेत, शर्टाच्या छोट्या बटणाएवढे. मालक म्हणतो, "ते काही नाही, रंग थोडा फुगलाय."

दुसरी 2002 ची, लाल, 1,30,000 किमी. तीन महिन्यांपूर्वी अख्खी रंगवून घेतलीय. शोधूनही टवका सापडला नाही. मित्राचं म्हणणं, डोळे मिटून लाल घे, निळी म्हणजे डोक्याला ताप.

या वयाच्या गाडीत काय चालवून घ्यायचं आणि काय दिसल्यावर उठून चालू पडायचं, हे जाणकारांनी सांगावं. मी उगाच नव्या गाडीच्या डोळ्यांनी जुनी गाडी बघतोय का?

ढकलस्टार्ट:
43 मोजलेत?? राव, गाडी चालवायला घेताय की जनगणनेला?

वॉटरपेपर_2000:
वरच्यांकडे लक्ष देऊ नका, मोजणारा माणूस फसत नाही. पंधरा वर्षं पेंटिंगमध्ये काढलीत, त्या हिशेबाने सांगतो.

आधी बॉनेटची भीती घालवू. एमएक्स-5 चं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. चुंबक घसरणारच. तुमचं मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालणारं दिसतंय. दोन्ही धातू मोजणारं मीटर मिळतं, पुढच्या वेळी ते न्या. त्या 43 टवक्यांत तांबूस गंज दिसला नसेल, पांढुरकं काहीतरी दिसलं असेल, बरोबर? प्लास्टिकच्या बंपरवर मात्र या जातीचं मीटर चालत नाही. लोटस एलिस, कॉर्व्हेट अशा फायबरच्या अंगाच्या गाड्यांवरही नाही, तिथे डोळ्यांवरच भागवावं लागतं.

आता टवके. एवढी बुटकी गाडी, समोरचा प्रत्येक खडा नाकावर घेणार, आणि रुंद टायर खडी उडवणार ती मागच्या फेंडरवर. 1,12,000 किमीनंतर नाक कोरं असतं तर मी जास्त खोदून विचारलं असतं. एक तर ते रंगवलेलं, नाहीतर त्यावर टवके अडवणारी पारदर्शक फिल्म होती, नाहीतर किलोमीटरचा आकडा खोटा. लोखंडी पत्र्यावरचे टवके तेवढे वेळेत टचअप करा.

कारखान्यातून आलेला रंग, प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) सगळा मिळून, साधारण 80 ते 150 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे दीड-दोन केसांचा मामला. त्यातला 40-50 मायक्रॉनचा क्लिअर कोट खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो. मशीनवर कंपाऊंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून ओरखडे काढले की त्यातले काही मायक्रॉन गेले, ते परत येत नाहीत. म्हणून विसाव्या वर्षी एकही ओरखडा नसलेली, पण मूळ रंगाची म्हणून विकायला आलेली गाडी दिसली की मी आधी विचारतो, आजवर किती वेळा घासलीय? डिकीवरची जाळी धुण्यापुसण्याच्या फडक्याची आहे. नख फिरवून बघा. अडकलं नाही तर हलक्या पॉलिशने जाईल, अडकलं तर जन्माची सोबत.

काय चालवून घेऊ नये विचाराल तर क्लिअर कोट सुटलेला. बॉनेट, डिकीचं झाकण, आरशांची डोकी, जिथे ऊन वरून पडतं तिथे पांढरट ढग दिसतात आणि मग कडेने पापुद्रे निघायला लागतात. त्यावर पॉलिश लावून उपयोग शून्य. घासायचं आणि नव्याने रंगवायचं, दुसरा इलाज नाही. तुम्ही लिहिलं नाहीये, म्हणजे निळीवर ते नसावं.

आणि ते फोड. टवक्यात गंज वरून आत जातो, फोडात आतून वर येतो. वर बटण दिसतंय तेव्हा खाली पत्रा त्याच्या कितीतरी पट खाल्लेला असू शकतो. सगळ्या यादीत मला तेवढीच एक ओळ बोचली.

मागचं_चाक:
लाल गाडीबद्दल बोलतो, कारण मी तसलीच घेऊन बसलो होतो. नव्वदच्या दशकातली टू-सीटर (कुठली ते जाऊ दे), नुकती रंगवलेली, बघताक्षणी प्रेमात पडलो. पहिले आठ महिने रोज संध्याकाळी पुसायचो. मग मागच्या चाकावरच्या कमानीला एक बारीक भेग दिसली. नखाने टोकरलं तर रंगासकट खपलीच हातात आली. खाली पुट्टी, बोटभर जाड. पुट्टीच्या खाली तारेची जाळी. जाळीच्या खाली काहीच नाही, थेट टायर दिसला!

रंगवलेली म्हणून वाईट असं अजिबात नाही. पण रंगवायच्या आधीचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम करून घेतलंय तो उघड्या पत्र्याचे फोटो न मागता दाखवतो, तुम्ही पळेपर्यंत दाखवतो. दाराच्या आतल्या कडा, खिडक्यांची रबरं, फेंडरचे बोल्ट, दिव्यांच्या मागची फट, एवढ्या जागी बघा. रबरावर लाल भुकटी बसलेली असेल तर सुटे भाग न काढता टेप लावून काम उरकलंय.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. वॉटरपेपर काका, बॉनेटच्या टवक्यांत खरंच पांढुरकंच होतं, तुम्ही न बघता कसं ओळखलंत! दाराच्या 240 चं आणि फिक्या बंपरचं काय समजू?

वॉटरपेपर_2000:
काका नका म्हणू हो, केस अजून काळे आहेत. बाकी पत्र्याच्या दुप्पट आकडा म्हणजे एकदा रंगवलेलं दार. वीस वर्षांत एक दार रंगलं तर काय बिघडलं? 500 च्या वर गेलं असतं तर पुट्टीचा संशय घेतला असता. आकडा सगळीकडे सारखा असणंही महत्त्वाचं: खाली 230 आणि मध्येच एका ठिकाणी 900, हे वाईट. बंपर प्लास्टिकचा, त्यावर मेटॅलिकचे कण वेगळे बसतात. कोऱ्या गाड्यांतही हा फरक पुष्कळदा दिसतो. त्यावरून झोप घालवू नका.

शेवाळी:
माझ्याकडे याच पिढीची अकरा वर्षं आहे, म्हणून त्या फोडांबद्दल. कापडी छतावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत उतरतं आणि नळीतून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. नळीत पानं, माती अडकली की पाणी तुंबतं, सांडतं, आणि सिल आतून कुजतं. रंगवाल्याचा दोष नाही, कचऱ्याचा आहे. बघायला जाताना अर्धा लिटरची बाटली घेऊन जा. छत अर्धं उचलून सीट बेल्टच्या मागच्या भोकात हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. लगेच धार आली पाहिजे. आणि फोडाच्या आजूबाजूला, सिलच्या खालच्या अंगाला अंगठ्याने दाबून पाहा. चांगला पत्रा ढिम्म हलत नाही.

ढकलस्टार्ट:
ताईंचा सल्ला सोन्यासारखा. मी यायला तयार आहे खाली वाकायला.

धागाकर्ता (अपडेट):
काल दोन्ही गाड्या परत पाहिल्या. जरा लांबण लागेल.

निळीवर दोन्ही धातूंचं मीटर लावलं. बॉनेट 105-110, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दार सगळीकडे 230 ते 250, मध्ये कुठे उडी नाही. मालकाने आपणहून सांगितलं की पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं होतं, जुना फोटोही दाखवला. पापुद्रे कुठेच नाहीत. टॉर्च तिरपा धरून पाहिला तर डिकीवर जाळीच जाळी, पण नख एका ठिकाणीच अडकलं.

मग शेवाळीताईंची बाटली. उजवीकडे पाणी ओतल्याबरोबर खाली धार. डावीकडे ओतलं, आणि काहीच नाही. मी खाली आडवा, मालक वरून विचारतोय "आलं का?", मी म्हणतोय "नाही." दोनेक मिनिटांनी थेंब थेंब सुरू झाले, चहाच्या रंगाचे, आणि त्यातून एक कुजलेलं पान. सिलच्या खालच्या कडेला अंगठा दाबला तर वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा बारीक आवाज आला. मालकाचा चेहराच उतरला, त्याला खरोखर माहीत नव्हतं असं वाटलं. किंमत कमी करायला तो लगेच तयार झाला, शिवाय गाडी लिफ्टवर चढवून वेल्डिंगवाल्याला दाखवू म्हणाला.

लाल गाडीच्या खिडकीच्या रबरावर लाल भुकटी होती. आधीच्या कामाचे फोटो "जुन्या फोनमध्ये गेले". दोन्ही सिलच्या खाली काळा, जाड, अजून चिकट असा ताजा थर मारलेला. अंगठ्याने दाबू का विचारलं, तर "रंगाला डाग पडतील" म्हणून नको म्हणाले.

निळीचं लिफ्टवरचं काम रविवारी आहे. वेल्डिंगवाला कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा बसवतो म्हणतोय. तेवढं पुरेल का?

वॉटरपेपर_2000:
कापल्यावर आतला पत्रा दिसेल, तेव्हाच ठरवा. सिलला आत आणखी एक थर असतो, तो गेला असेल तर नुसतं वरून ठिगळ लावून बंद करू देऊ नका. चांगल्या पत्र्यापर्यंत कापायला सांगा, आणि बंद केल्यावर आतून मेण फवारून घ्या. उजवीकडची धार आली तरी तिकडचं सिलही ठोकून बघा. आणि डावी नळी साफ केल्याशिवाय गाडी पावसात उभी करू नका. रंगाचं मग सावकाश बघू, ते 43 टवके कुठे पळून जात नाहीत.

धागाकर्ता:
61. काल परत मोजले.