अमल दत्तांना एका सामन्यावरून किती दिवस जोखणार?

उजवी बगल: "अमल दत्ता म्हणजे डायमंडच्या नादात मोहन बागानला ४-१ ने बुडवणारा वाचाळ माणूस, खरे प्रशिक्षक पीके बॅनर्जीच," असे या फुटबॉल प्रशिक्षकावरच्या एका स्मरणलेखाखाली कोणीतरी ठोकून दिले आहे. (डायमंड म्हणजे खेळाडूंची हिऱ्याच्या आकाराची आक्रमक मांडणी.) १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्यात कोलकात्यातल्याच ईस्ट बंगालकडून झालेल्या त्या पराभवापलीकडे दत्ता ठाऊकच नसतील, तर दोष त्यांचा नाही. प्रशिक्षण म्हणजे निवृत्त खेळाडूने नोकरी सांभाळून संध्याकाळी करायचे काम, असे मानले जात होते, त्या काळात हा माणूस इंग्लंडला जाऊन ते शास्त्र शिकून आला, त्यावरच पोट भरायचे ठरवून बसला आणि सामन्यांच्या फिती प्रोजेक्टरवर लावून बंगालच्या गावांत दाखवत फिरला. भारतातला पहिला पूर्णवेळ व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव उगीच घेतले जात नाही. १९६९ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या मोहन बागानने ईस्ट बंगालला ३-१ ने हरवले, ते बगलेवरून पुढे धावणाऱ्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूंच्या, जोरावर. आज शाळेचा संघसुद्धा असा खेळतो, म्हणून त्याचे मोल कळत नाही.

मैदानी: ती टिप्पणी माझीच आहे आणि मी ती मागे घेणार नाही. पीकेंच्या ईस्ट बंगालने १९७५ च्या शील्डमध्ये मोहन बागानवर पाच गोल केले, आणि १९७७ मध्ये त्यांच्याच मोहन बागानने पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला ईडन गार्डन्सवर २-२ असे रोखले. त्यांच्या 'व्होकल टॉनिक'ला, म्हणजे खेळाडूंना चेतवणाऱ्या बोलण्याला, नाके मुरडणाऱ्यांनी कधी बूट घातले होते का, हा प्रश्नच आहे. आमच्या कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक मध्यंतराला फळ्यावर बाणच बाण काढायचे. दोन गोलांनी मागे असताना आम्हाला बाण नको होते, पाठीवर हात हवा होता. डायमंडचेही तेच झाले: सगळे पुढे धावले आणि मागच्या मोकळ्या जागेत ईस्ट बंगालच्या भाईचुंग भुतियाने हॅटट्रिक केली.

डोंगरवाट: डावपेचांचे राहू द्या. त्या सामन्याआधी दत्तांनी भाईचुंगला 'चुंग चुंग' आणि त्याच्याच संघातल्या ओमोलोला 'ऑमलेट' म्हटले, हे दोघेही सोयीस्करपणे विसरत आहात. वसतिगृहात माझ्या खोलीत ईशान्येकडचा एक मुलगा होता; त्याचे खरे नाव वर्षभर कोणी उच्चारले नाही, आणि तो प्रत्येक वेळी हसून घेत असे. ते हसणे कशातून येते हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे या प्रकाराला 'मानसिक युद्ध' म्हणून गौरवणारे लेख मला वाचवत नाहीत.

उजवी बगल: डर्बीआधीचे, म्हणजे या दोन संघांच्या लढतीआधीचे, टोमणे ही कोलकात्याची जुनीच रीत आहे. त्याच बोलण्यामुळे सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक लोक जमले. एका माणसाचे सगळे आयुष्य अशा दोन शब्दांत मोजायचे का?

डोंगरवाट: सगळे आयुष्य मोजा असे मी म्हटलेलेच नाही, ते मोजताना हे शब्द वगळू नका, एवढेच म्हणत आहे. आणि गर्दीचा हिशेब मला देऊ नका. टोमणा ज्याला मारला तो सिक्कीमचा विशीतला पोरगा होता, आणि 'रीत आहे' हे उत्तर नेहमी टोमणा मारणाऱ्याच्या बाजूचेच लोक देतात.

मैदानी: शाबास! दत्तांना वाचाळ म्हटले म्हणून माझ्यावर तुटून पडणाऱ्यांना आता वाचाळपणा ही रीत वाटू लागली.

अर्धवेळ पंच: मूळ दुखणे वेगळेच आहे. दत्ता असोत की पीके, आपल्याच माणसांनी लिहून ठेवलेले कोणी वाचत नाही, आणि राष्ट्रीय संघासाठी दर काही वर्षांनी परदेशी प्रशिक्षक आणला जात आला. माझ्या जिल्ह्यात प्रशिक्षक परवान्याच्या शिबिरासाठी मी अर्ज केला, तर संबंधितांनी उत्तरसुद्धा दिले नाही.

उजवी बगल: आपले दुःख खरे आहे, परंतु त्याचा १९६९ शी संबंध काय, हे मला समजले नाही. डोंगरवाट, त्या शब्दांचे समर्थन मी यापुढे करणार नाही. मात्र भाईचुंगच्या तीन गोलांमुळे डायमंडची कल्पनाच टाकाऊ ठरते, हे मैदानींचे म्हणणे मला मान्य नाही. त्या दिवशी बचाव कोलमडला, आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षकाचीच.

मैदानी: "जबाबदारी प्रशिक्षकाचीच" हे आपल्याकडून लेखी मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. १९६९ चे श्रेय मी आपल्या दत्तांना देऊन टाकतो. १९७५ मात्र मागू नका.