पाटे फेकायच्या आधी गाडीचं पोट बघा

नोव्हीचा नाना :
परवा ट्रॉयकरांनी साधा प्रश्न विचारला. '१९६८ची शेव्हरोलेट कॅमेरो आहे, ३५० घनइंची इंजिन, जोरात सोडली की मागची चाकं थडथड उड्या मारतात. हिवाळाभर गॅरेजात उभीच राहणार, तर आधी बॉडी कडक करू की मागचं सस्पेन्शन बदलू?' त्यावर क्वार्टरमाइल यांचं उत्तर : 'पाटे बैलगाडीला शोभतात. सरळ कॉइलओव्हर-फोरलिंक किट घाला. सबफ्रेम कनेक्टर म्हणजे म्हाताऱ्यांचा टाइमपास.' खाली अंगठ्यांचा पाऊस. मग म्हटलं, आता लिहावंच लागेल. (नवख्यांसाठी : पाटे म्हणजे मागच्या अॅक्सलच्या कमानदार पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कॉइलओव्हर म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बरभोवती बसवलेली गुंडाळी स्प्रिंग, फोरलिंक म्हणजे अॅक्सल धरणारे चार दांडे, आणि सबफ्रेम कनेक्टर म्हणजे पुढची सबफ्रेम मागच्या रेलला जोडणारे पाइप.)

अहो, ६७ ते ६९च्या कॅमेरोला अख्खी चेसिस आहेच कुठे? पुढे बोल्टने लटकवलेली सबफ्रेम, म्हणजे अर्धवट चेसिस, ती ड्रायव्हरच्या सीटखाली संपते. मागचे रेल, म्हणजे बॉडीखालच्या लांब पोकळ तुळया, मागच्या सीटच्या आसपास सुरू होतात. मधल्या जागेत पत्र्याचा फ्लोअर आणि दाराखालचे रॉकर, बस. आणि सबफ्रेम नि बॉडीच्या मध्ये रबराचे माउंट, जे बहुतेक गाड्यांत कारखान्यातून आलेलेच असतात, चघळून टाकलेल्या सुपारीसारखे. फोरलिंकचा सगळा जोर जिथे जाऊन आदळणार, ती बॉडीच पिळवटतेय. वर कॉइलओव्हर लावलं की गाडीचं वजन पाट्यांच्या टोकांवरून उठून डिकीखालच्या नव्या आडव्या दांड्यावर येतं. ती दांडी कशाला वेल्ड करणार? त्याच पत्र्याला.

पटत नसेल तर एक करा. पुढच्या सबफ्रेमच्या मागच्या टोकाखाली, एकाच बाजूला जॅक लावा आणि चाक सुटेपर्यंत उचला. आता दार उघडून बंद करून बघा. दाराच्या फटीत आधी सहज सरकणारा जाड कागद कुठे अडतो, कुठे सैल पडतो, ते दिसेल. काही गाड्यांत दार लागतच नाही.

माझा क्रम : गंज तपासा, अॅल्युमिनियमचे माउंट घाला, वेल्डिंगचे कनेक्टर टाका (बोल्टवाले नकोत, भोकं ओव्हल होतात आणि वर्षभरात पुन्हा कुरकुर सुरू), नवे पाटे आणि बरे शॉक लावा. एक उन्हाळा चालवा. मग हौस उरली तर फोरलिंक.

क्वार्टरमाइल :
नाना, प्रवचन छान. पण पैसे दोनदा कोणाचे जाणार? आधी पाटे-शॉक घ्या, मग वर्षाने तेच भंगारात टाकून किट घ्या.

पाट्याचा दोष कडकपणाचा नाहीच. एकच पट्टी वजन पेलते, अॅक्सल पुढे-मागे धरते, आडवा धरते, आणि वर इंजिनाचा टॉर्कही तिनेच सोसायचा. क्लच सोडला की अॅक्सलचं नाक (मधल्या गोळ्याचं पुढचं टोक) वर जातं, पाटा एसच्या आकारात वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. तीच ती थडथड. कॅमेरो बनवणाऱ्या जनरल मोटर्सला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. ६७ला एकच पट्टी दिली, दोन्ही शॉक अॅक्सलच्या एकाच बाजूला. ६८ला एक शॉक पुढे, एक मागे केला आणि जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पट्ट्यांचा पाटा दिला. कारखान्यानेच कबूल केलेली गोष्ट तुम्ही २०२० नंतर नाकारताय.

नोव्हीचा नाना :
नाकारलं कुठे? ट्रॉयकरांची ६८चीच आहे, शॉक पुढे-मागे आहेतच. थडथडीला कालट्रॅक्सचे बार आहेत, अॅक्सल फिरायला लागला की तेच पाट्याचा पुढचा भाग खाली दाबतात. किटच्या मानाने किरकोळ खर्च.

आणि पाटे बैलगाडीला म्हणता, तर रेसर मार्क डोनोह्यूने ६८ आणि ६९ला ट्रान्स-अॅम मालिकेतल्या शर्यती कशावर जिंकल्या? रॉजर पेन्स्केच्या संघाच्या कॅमेरोवर. मागे सरळ अॅक्सल आणि पाटेच.

क्वार्टरमाइल :
हा हा! त्या गाडीत संपूर्ण रोल केज, म्हणजे आतून पाइपांचा पिंजरा होता, बॉडी अॅसिडमध्ये बुडवून पातळ केलेली, आणि मागे पेन्स्केची फौज. तुम्ही डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर आइस्क्रीम खात चालवणार!

नोव्हीचा नाना :
म्हणजे केजने बॉडी कडक केली म्हणून पाटे चालले. माझंच वाक्य तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

मोपार मामा :
तुमचं कॅमेरो-कॅमेरो चालू द्या. क्रायस्लरने पाट्याचा अॅक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि मऊ ठेवला होता. नाक वर जाण्याचा प्रश्न तिथेच निम्मा मिटतो. वर पिनियनवर, म्हणजे त्याच नाकावर, रबराचा ठोकळा. पण मोपार, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या, म्हटलं की आपल्या मंडळींना ऐकूच येत नाही. गणेशोत्सवाच्या पार्किंगमध्ये माझ्या प्लिमथ डस्टरला 'काका, ही फोर्ड ना?' असं विचारलंय.

आणि एक. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गोल कडीत) पॉलियुरेथेनचं बुश घालू नका. वळणावर पाट्याला जरासं पिळायचं असतं, ते पॉली पिळू देत नाही. मग म्हणता पाटे वाईट.

शिरोलीचा पाटेवाला :
राव, एक सांगू का? आमच्याकडच्या बैलगाडीला पाटे नसतात. चाक, आख आणि वर साटा. शिवी द्यायची तर नीट द्या.

कोल्हापुरात आमचं कमानपाट्याचं गॅरेज आहे, वडिलांपासून. भाच्याने हा धागा पाठवला. तुमच्यात सगळे 'नवे पाटे घ्या, नवे पाटे घ्या' करताय. कशाला? पाटे बसले असतील तर खोला, सेंटर बोल्ट काढा, पट्ट्या सुट्या करा, भट्टीत तापवून कमान चढवा, पाणी द्या, मधे ग्रीस मारून बांधा. उसाच्या ट्रॉल्या न् ट्रक आम्ही असेच चालवतोय. तुमची गाडी तर त्यापुढं पोरखेळ.

उष्णोपचार :
नमस्कार. स्प्रिंग कारखान्यात उष्णोपचार विभागात आयुष्य गेलं, आता मुलाकडे अॅन आर्बरला असतो. भट्टीत 'लाल झाला की काढा' हे उष्णोपचार नव्हे. स्प्रिंग स्टील साधारण ८५० अंश सेल्सिअसला नेऊन तेलात थंड करायचं आणि मग साडेचारशेच्या आसपास पुन्हा तापवून टेम्पर करायचं. दुसरी पायरी चुकली तर पट्टी काचेसारखी मोडते, पहिली चुकली तर महिन्यात पुन्हा बसते. बाजारात नवे पाटे उपलब्ध असताना हा जुगार कशासाठी?

शिरोलीचा पाटेवाला :
साहेब, आम्हाला डिग्री माहीत नाही, पण रंग माहीत आहे. भर उन्हात नाही, शेडमध्ये अंधार करून बघतो आम्ही. वीस टनाखाली आमचा पाटा तुटला असता तर गिऱ्हाईक परत आलं असतं का?

उष्णोपचार :
परत न आलेल्या गिऱ्हाइकांचा हिशोब कोणी ठेवलाय?

शिरोलीचा पाटेवाला :
हे काय बोलणं झालं? या कधी गॅरेजला. चहा पाजतो, मग बोला.

मोपार मामा :
उष्णोपचार साहेब, इथेही स्प्रिंगची दुकानं जुने पाटे कमान चढवून देतातच की. सगळे मूर्ख का?

उष्णोपचार :
थंड अवस्थेत ठोकून देतात बरेचसे. म्हणून पुन्हा बसतात. मूर्ख मी कोणालाही म्हटलेलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका.

फिनिक्सची ताई :
पाट्यांच्या लोहारकामातून बाहेर येणार का कोणी?

माझी ६७ची मस्टँग फास्टबॅक. हिला तर वेगळी सबफ्रेमही नाही, पुढचे रेल पायाशी संपतात, मागचे मागच्या सीटजवळ सुरू. कनेक्टर टाकायला एका दुकानात दिली. त्यांनी गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली, चारी चाकं लोंबकळत, आणि तशीच वेल्ड केली. मधून उचललेली गाडी दोन्ही टोकांना झुकते. तो झोक त्यांनी कायमचा पक्का करून दिला. उजवं दार आज खांद्याने ढकलून लावते. दुकानदार म्हणतो, 'जुनी गाडी आहे, दारं अशीच असतात.' आधी तर दोन बोटांनी लागत होतं.

तेव्हा कोणीही वेल्डिंग करा, गाडीचं वजन चाकांवर हवं, दारं लावलेली हवीत, फटींची मापं आधी लिहून ठेवलेली हवीत. एका बाजूला लांबलचक टाका मारत सुटायचं नाही, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. कार्पेट काढा, बॅटरी सोडवा, इंधनाची नळी कुठून गेलीय ते डोळ्यांनी बघा.

आणि क्वार्टरमाइल, तुमचं फोरलिंक मला चालवायला दिलं होतं एकाने. वळणावर अप्रतिम, खोटं कशाला बोलू. पण मागून सगळा आवाज केबिनमध्ये. फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ डोकं उठलं.

क्वार्टरमाइल :
ताई, सांध्यांत रबर आहे की धातू, त्यावर आवाज ठरतो. त्याने रेसचे धातूचे हाइम जॉइंट लावले असणार. त्याचं पाप माझ्या माथी नको. बाकी चाकांवर वजन ठेवून वेल्डिंग, हे शंभर टक्के.

नोव्हीचा नाना :
कनेक्टर 'म्हाताऱ्यांचा टाइमपास' असतील तर ते कसे वेल्ड करावेत यात तुम्हाला एवढा रस का?

क्वार्टरमाइल :
कारण माझ्या गाडीत आहेत. फोरलिंकच्या आधी टाकले होते. झालं समाधान? जाहीर सत्कार ठेवा, शाल मी आणतो. पण ट्रॉयकर, नानांच्या नादाने पाइप टाकणार असाल तर वेल्डरला एक सांगा : मागच्या रेलच्या तोंडाशी जागा अडवू नको. पुढे कधी किट घालायचं ठरलं तर खालच्या लिंकचे ब्रॅकेट तिथेच येतात. काही कनेक्टर पाट्याचं पुढचं टोक बसतं त्या खोबणीवर असे चढवतात की बोल्ट काढायला पाना जात नाही.

नोव्हीचा नाना :
ही सूचना कामाची आहे. तुमच्याकडून आली म्हणून दोनदा वाचली.

ट्रॉयकर :
सगळ्यांचे आभार. काल खाली झोपून तपासलं. नानांची जॅकची चाचणी करायची म्हणून गेलो, पण जॅक लावायच्या आधी जुन्या स्क्रूड्रायव्हरने इकडेतिकडे टोचून पाहिलं. उजव्या बाजूला पाट्याचं पुढचं टोक जिथे बसतं, त्या खोबणीच्या वर अंडरकोटिंगचा (गाडीच्या तळाला फासतात त्या लेपाचा) जाड थर होता. टोक मुठीपर्यंत आत गेलं. हात काढला तर वर तांबडा भुगा. डावी बाजू ठणठणीत वाजते. विकणारा म्हणाला होता, गाडी अमेरिकेच्या दक्षिणेतली आहे, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ पाहिलेलं नाही.

फिनिक्सची ताई :
दक्षिणेतली असेल हो. जन्माने. राहिली कुठे ते विचारलंत का?

क्वार्टरमाइल :
मग पाटे काय, फोरलिंक काय, दोन्ही बोंबलले. तो बोल्ट पाट्यासकट वर फ्लोअरमध्ये घुसायचा एक दिवस. आता अजिबात रस्त्यावर काढू नका. मिशिगनमध्ये वार्षिक तपासणी नाही, म्हणून अशा गाड्या खुशाल फिरतात.

नोव्हीचा नाना :
खोबण आणि रेलचा तुकडा दोन्ही नवे मिळतात. अंडरकोटिंग पूर्ण खरवडा, चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते खडूने आखा आणि फोटो टाका. रेल कापायच्या आधी डाव्या बाजूवरून कर्णाची मापं घ्या, नाहीतर अॅक्सल तिरका बसेल. बजेट आधी तिकडे.

शिरोलीचा पाटेवाला :
आता पाटे उतरणारच आहेत तर त्याचीच कमान चढवून घ्या की!

उष्णोपचार :
कृपया नको.