प्रति: नाकातले केस आणि मागावरची धूळ

वर कुणीतरी लिहिलंय की नाकातले केस धूळ अडवतात, मग कापड विणायच्या मागावरच्या माणसाला त्रास का व्हावा? अर्धंच खरं आहे ते. नाकात अडतात ते जाडे कण, साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे. त्याहून बारके श्वासनलिकेतल्या चिकट थरावर बसतात आणि तिथली सूक्ष्म रोमकं त्यांना घशाकडे ढकलत राहतात (बिडीच्या धुराने नेमकी हीच मंदावतात!). ५ मायक्रॉनच्या खालचे मात्र पार फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात.

पण कापसाच्या धुळीत नुसते कण नसतात, जिवाणूंचे विषारी अंशही असतात. त्यांनी श्वासनलिका आवळतात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती सगळ्यात जास्त जखडते, पुढे आठवडाभरात सैल होते. धोका जास्त पिंजण-कार्डिंगला, म्हणजे सूत काढण्याआधी कापूस मोकळा करून विंचरतात तिथे; आपल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांत सूत तयार येतं, त्यामुळे तुलनेने कमी. माझे चुलते सोलापुरात गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी धाप लागली की घरात खापर फुटायचं आदल्या दिवशीच्या मटणावर.