'प्रीकंडिशनिंग'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी : हृदयरोगावरच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'इस्केमिक प्रीकंडिशनिंग'पाशी अडलेय. म्हणजे आधी थोडा-थोडा वेळ रक्त अडलं की नंतर जास्त वेळ अडल्यावर हृदयाचं नुकसान कमी होतं, ते. १९८६ साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं सुरू, असं चारदा केलं. मग सलग ४० मिनिटं बंद ठेवली. ही पूर्वतयारी न केलेल्या कुत्र्यांच्या मानाने मेलेला स्नायू पाव हिस्साच भरला. मी 'पूर्वानुकूलन' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'हृदयाला सवय होणे' केलं.

गावशीव : संपादकांचं बरोबर आहे. माझ्या आईला 'पूर्वानुकूलन' कळणार नाही. 'अंगवळणी पडणं' लगेच कळेल.

स्टेथो : मी डॉक्टर आहे. कृपा करून 'सवय' नको, 'अंगवळणी'ही नको. छातीत कळ येते, थांबते. 'नेहमीचंच आहे' म्हणत, सोडा पीत लोक घरी बसतात. शिवाय सवय टिकते. हे संरक्षण तास-दोन तासांत ओसरतं, साधारण दिवसाने थोडं कमी जोराने परततं आणि दोन-तीन दिवस राहतं. त्याच प्रयोगात रक्त तीन तास अडवलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही.

गावशीव : मग 'घट्टा पडणं'?

शब्दवेडी : घट्टा पडला की कातडी जाड होते. इथे पेशी जाड होत नाहीत, ऊर्जा पुरवून वापरायला लागतात. ॲडेनोसिन नावाचं रसायन सुटतं आणि पेशीच्या आत बचावाचे निरोप सुरू होतात.

तत्सम : 'पूर्वानुकूलन'च ठेवा. 'एअर कंडिशनिंग'चं 'वातानुकूलन' रुळलंच ना? एसटीवरचं 'वातानुकूलित' सगळे वाचतात.

गावशीव : वाचतात, पण बोलताना एसीच म्हणतात.

स्टेथो : आणि 'इस्केमिक'चं काय? 'रक्ताल्पता' लिहिलंत तर लोक पंडुरोग समजून लोहाच्या गोळ्या मागतील. 'रक्तपुरवठा अडणं' असं सरळ लिहा.

शब्दवेडी : हे घेते. 'थोडा-थोडा वेळ रक्त अडल्याने हृदयाची होणारी तात्पुरती तयारी', असं चालेल?

तत्सम : ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. पुस्तिकेत दहा ठिकाणी एवढं लिहिणार का?

गावशीव : लिहावं. वाचणारा आजारी माणूस आहे.

ऱ्हस्वदीर्घ : जरा थांबा. 'अनुकूल' मुळातच विशेषण आहे, मग 'वातानुकूलित'मधला 'इत' कशाला? 'वातानुकूल' पुरे.

तत्सम : नाही पुरे. 'अनुकूल' म्हणजे असलेलं, 'अनुकूलित' म्हणजे केलेलं. 'शीत' आणि 'शीतित' बघा.

ऱ्हस्वदीर्घ : 'शीतित' कोण म्हणतं? 'शीतकृत' तरी म्हणा.