एक्सआरडी मशीन की नुसते कॉम्प्युटर? रत्नागिरीकडच्या कॉलेजवाल्यांनी मत द्या

भाट्ये_खाडी:
आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटला थोडा फंड येतोय आणि सगळे एक्सआरडी (एक्सरे टाकून पदार्थातली अणूंची रचना ओळखणारं मशीन) घ्या म्हणून मागे लागलेत. माझं मत उलटं. इथली खारी हवा, पावसाळ्यात तासन् तास लाईट नाही, एक्सरे ट्यूब गेली की बसा कोटेशन मागवत. त्यापेक्षा दोन तगडे डेस्कटॉप, मोठा यूपीएस आणि क्वांटम एस्प्रेसो हे अणूंचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे. काळबादेवीच्या काळ्या वाळूतलं इल्मेनाइट म्हणजे लोखंड-टायटॅनियमचं ऑक्साइड, सगळ्यात लहान युनिट सेलमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) १० अणू, डीएफटीला, म्हणजे क्वांटमच्या नियमांनी पदार्थाचे गुण काढायच्या हिशोबाला, जड नाही. आणि कॉम्प्युटरवरचं सगळं हवेतलं म्हणणाऱ्यांनी हायड्रोजन-सल्फरचं संयुग बघावं, २०१४ ला हिशोबाने सांगितलं की प्रचंड दाबाखाली सुपरकंडक्टर (विजेला अडथळाच न करणारा) होईल, २०१५ च्या पेपरात प्रयोगाने तेच दाखवलं, तेही २०३ केल्विनला, म्हणजे उणे ७० सेल्सिअसला!

मिऱ्यावरचा:
सर, हे एकच उदाहरण सगळे ऐकवतात. लोखंड आलं की साध्या जीजीएची (डीएफटीतल्या नेहमीच्या ढोबळ सूत्राची) पंचाईत होते, फेरस ऑक्साइड इन्सुलेटर असून मेटल दाखवतं. मग हबर्डचा यू (लोखंडाच्या इलेक्ट्रॉनांसाठीचा दुरुस्तीचा आकडा) घालायचा, किती घालायचा तर उत्तर जुळेल तितका. शिवाय तुमचे १० अणू शुद्ध इल्मेनाइटचे, किनाऱ्यावरच्या दाण्यात मॅग्नेशियम, मँगनीज शिरलेलं असतं, झिजून लोखंड निघून गेलेलं असतं, आणि त्यात मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडाच्या ऑक्साइडची) भेसळ. साधा चुंबक फिरवा, मॅग्नेटाइट टपकन उडी मारतं, इल्मेनाइट बहुतेक तसंच पडून. कॉम्प्युटरला हे कोण सांगणार?

भाट्ये_खाडी:
यू अंदाजपंचे घालायची गरज नाही हो, लिनिअर रिस्पॉन्स नावाच्या पद्धतीने हिशोबातूनच काढता येतो, क्वांटम एस्प्रेसोतच सोय आहे. भेसळीचं म्हणाल तर मोठा सुपरसेल (बरेच युनिट सेल जोडून केलेला तुकडा) घेऊन एकेक लोखंड काढून बघता येतं कुठला जागचा गेला तर किती एनर्जी लागते. एक्सआरडीत हे दिसतं का?

देवगडचो_झील:
भांडा, पण लाईटीचा काय करतलास? यूपीएस काय रात्रभर पुरणार नाय, रन मधेच मेला की परत पहिल्यापासून. (रीस्टार्ट फाइल ठेवायची अक्कल असेल तर नाही, पण किती जण ठेवतात.)

दापोलीकरीण:
मिऱ्यावरच्यांच्या बाजूने एक. २०२३ ला गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने कॉम्प्युटरवर २२ लाख नव्या क्रिस्टलची यादी काढली, त्यातले ३.८ लाख स्थिर म्हणे. त्याच वेळी अमेरिकेतल्या बर्कलेच्या रोबोट लॅबने १७ दिवसांत ४१ पदार्थ बनवल्याचा दावा केला. पुढे जाणकारांनी एक्सआरडीचे ग्राफ बारकाईने वाचले आणि म्हणाले यात नवीन काही सिद्धच होत नाही, हिशोबात अणू शिस्तीत बसलेले, प्रत्यक्षात तेच अणू एकमेकांच्या जागी मिसळलेले आणि असे पदार्थ आधीपासून माहीत. पकडलं कोणी? ज्यांना ग्राफ वाचता येतो त्यांनी. आपल्या पोरांना डीएफटीत कटऑफ (हिशोब किती बारीक करायचा तो आकडा) हाच का घेतला विचारलं तर 'नेटवर होता' म्हणतात, के-पॉइंट (हिशोबाच्या जाळीतले बिंदू) वाढवून उत्तर बदलतंय का हे बघतच नाहीत.

भाट्ये_खाडी:
मग तुम्हीच माझा मुद्दा मांडलात की, ग्राफ वाचायला मशीन दारात कशाला हवं, सॅम्पल कोल्हापूरला नाहीतर मुंबईला पाठवा, डेटा फाइल मेलवर येते. ही उत्तर स्थिरावलं का बघायची कन्व्हर्जन्स टेस्ट न करणाऱ्याला मशीन दिलं तरी तो ग्राफमधल्या पीकांना (टोकांना) हवी ती नावंच चिकटवणार.

मिऱ्यावरचा:
बाहेर नंबर लागेपर्यंत पोरगं पास होऊन पुण्याला जातं सर. फंडातनं निदान एक बरा मायक्रोस्कोप आणि चांगला चुंबक तरी घ्या, दाणे वेगळे न करता कुठेही पाठवलंत तर ग्राफमध्ये सगळीच खिचडी येईल.