अपग्रेडनंतर वायफाय गेलं की थेट फॉरमॅट मारायचा का?

अनुस्वार

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने लॅपटॉपवरचं लिनक्स पुढच्या आवृत्तीवर नेलं. अपग्रेड सुरळीत झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि वायफायचं चिन्हच गायब. सेटिंगमध्ये एवढंच लिहिलेलं, "वायफाय अ‍ॅडॅप्टर सापडला नाही". दोन मित्रांनी त्याला एकच सल्ला दिला: डेटा कॉपी कर आणि फॉरमॅट मार. पेनड्राइव्हही तयार झाला होता. मी त्याला थांबवलं, आणि त्यावरून आमचा जो वाद झाला तो इथे मांडते.

माझं म्हणणं असं की "सापडला नाही" याचे निदान चार अर्थ होतात. कार्ड मशीनला दिसतच नाही. दिसतं, पण त्याला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लागलेला नाही. ड्रायव्हर आहे, पण कार्डात भरायची फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल मिळत नाही. किंवा सगळं जागच्या जागी आहे, फक्त कार्डाचा रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा भाग, बंद आहे. चारही दुखण्यांना औषध वेगळं, आणि ओळखायला दहा मिनिटं पुरतात. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' ही कमांड चालवा: कार्डाच्या नावाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळ येते, आणि ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदींत, फर्मवेअर हा शब्द शोधा. 'आरएफकिल लिस्ट' रेडिओ बंद आहे का ते सांगतं, आणि तो सॉफ्टवेअरने बंद केलाय की बटणाने, तेही सांगतं.

भावाच्या मशीनवर कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर नव्हता. लॅपटॉप नवा असताना त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, म्हणून त्याने बाहेरून आणून डीकेएमएसमार्फत बसवला होता. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी असा ड्रायव्हर पुन्हा बांधून देतं. पण कर्नलच्या आतली जोडणी आवृत्तीगणिक बदलत राहते, ती जपण्याचं वचन कर्नलवाले देतच नाहीत. त्यामुळे जुना कोड नव्या कर्नलवर बांधलाच गेला नाही. खरी गंमत पुढे आहे: मधल्या काळात कर्नलमध्ये त्या चिपचा स्वतःचा ड्रायव्हर आला होता, आणि त्याला आम्हीच अडवून धरलं होतं. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरात काळ्या यादीची, म्हणजे कोणते ड्रायव्हर घ्यायचे नाहीत ते सांगणारी, एक फाइल पडून होती. बाहेरचा ड्रायव्हर काढला, ती फाइल उडवली, रीबूट केलं. वायफाय आलं.

फॉरमॅट मारला असता तर यातलं काही कळलं असतं का?

सरळमार्गी

कळलं नसतं, पण वायफाय आलं असतं. तुमच्याच उदाहरणात. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये ना तो जुना ड्रायव्हर, ना ती काळी यादी. तासाभरात मशीन हातात.

मी घरच्यांची आणि ओळखीतल्यांची मशीन वर्षानुवर्षं सांभाळतोय. दहा मिनिटं पुरतात हे ज्याला येतं त्याच्यासाठी खरं आहे. ज्याला 'डीमेसेज'ची लाल अक्षरं पाहून घाम फुटतो, तो इंटरनेट नसलेल्या मशीनसमोर बसून फोनवर उत्तरं शोधतो, कुणाच्या तरी वेगळ्याच चिपसाठी दिलेल्या कमांड चालवतो आणि तीन तासांनी मशीन आधीपेक्षा बिघडवून ठेवतो. हे मी अनेकदा निस्तरलंय. फॉरमॅटला किती वेळ लागणार ते आधी माहीत असतं, शोधाला किती लागेल ते नसतं. उद्या सकाळी काम असलेल्या माणसाला त्याने बिघाडाचं निदान करायला शिकावं असं सांगणं मला पटत नाही.

गवाक्ष

तुम्ही दोघंही मधला रस्ता विसरताय. आधी मागे फिरा.

मी विंडोजवाला. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. अख्खी आवृत्तीच मागे न्यायची सोयही आहे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा त्यासाठी ३० दिवस मिळत, पुढच्याच वर्षी ते १० झाले. कमांड देऊन ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र मुदत संपायच्या आत. आणि जागा हवी म्हणून जुनी आवृत्ती साठवलेलं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर उडवलं की परतीची वाट बंद.

लिनक्समध्ये तर हे आणखी सोपं आहे. अपग्रेडनंतर जुना कर्नल बहुतेक वेळा तसाच असतो. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूच्या प्रगत पर्यायांतून तो निवडून सुरू करा. वायफाय चाललं तर कार्ड ठणठणीत आहे हे एका रीबूटमध्ये सिद्ध झालं, आणि आजचं कामही झालं. बिघाडाचं निदान रविवारी करा.

अनुस्वार

@गवाक्ष, जुन्या कर्नलचा मुद्दा मी मूळ लेखात घालायला हवा होता. पूर्ण मान्य.

@सरळमार्गी, वायफाय आलं असतं हे खरं. पण भावाच्या वहीत "नवीन इन्स्टॉलनंतर करायच्या गोष्टी" अशी यादी आहे, आणि तिच्यात पहिलीच ओळ तो बाहेरचा ड्रायव्हर बसवण्याची आहे. फॉरमॅटनंतर त्याने ती इमानेइतबारे पाळली असती आणि पुढच्या अपग्रेडला आम्ही पुन्हा तिथेच आलो असतो. कारण न कळता बरं झालेलं दुखणं असं परत येतं.

इंटरनेट नसण्याचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की मशीनला तो तारेच्या नेटवर्ककार्डासारखा दिसतो. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. त्याच केबलवरून आम्ही सगळं केलं.

मध्यरात्र

फॉरमॅटसाठी केलेला पेनड्राइव्ह हेच निदानाचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे. इन्स्टॉल न करता त्यावरून लाइव्ह सुरू करा. नवी आवृत्ती तीच, कार्ड तेच, फक्त तुमचा जुना पसारा नाही. वायफाय चाललं तर दोष पसाऱ्यात. अशा वेळी फॉरमॅट लागू पडेल एवढं तरी माहीत असतं. नाही चाललं, तर फॉरमॅट मारूनही बहुधा काही होणार नाही, आणि तासभर वाचला.

यात एक खाचखळगा आहे. लाइव्ह प्रतिमेत, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकलेल्या फाइलीत, फर्मवेअर असेल तरच ही परीक्षा खरी. डेबियन या लिनक्सच्या अधिकृत प्रतिमांत बंदिस्त (सोर्स कोड खुला नसलेलं) फर्मवेअर पूर्वी नसायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांच्या मतदानात ते घालायचं ठरलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं. त्याच वेळी फर्मवेअर 'नॉन-फ्री'मधून निघून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेलं. ११ वरून १२ वर येताना पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत हा शब्द वाढवला नाही, तर फर्मवेअरचं पॅकेज जुनंच राहतं. नवा कर्नल, शिळं फर्मवेअर.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय, चालू असेल तर डीकेएमएसने बांधलेला ड्रायव्हर सहीशिवाय कर्नल आत घेत नाही. बांधणी यशस्वी दिसते, तरी वायफाय नाही. तिथे ड्रायव्हर शंभरदा बसवला तरी उपयोग नाही, त्याच्या सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवावी लागते.

कानामात्रा

मी फॉरमॅट मारणाऱ्यांपैकी. एकदा नव्हे, दोनदा. अपग्रेडनंतर घरचं वायफाय चालायचं, मोबाइलचा हॉटस्पॉट चालायचा, संस्थेतलं मात्र जोडलंच जाईना. कार्डावर संशय, म्हणून फॉरमॅट. पुन्हा तेच. म्हणून पुन्हा फॉरमॅट. एक अख्खा शनिवार-रविवार त्यात गेला, आणि सगळ्या सेटिंग्ज नव्याने लावाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

कारण लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. नव्या आवृत्तीसोबत ओपनएसएसएल ३, म्हणजे सुरक्षित जोडणी करणारं सॉफ्टवेअर, आलं होतं. २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीने जुनी, असुरक्षित पद्धतीची टीएलएस (सांकेतिक जोडणीची) बोलणी आपणहून नाकारायला सुरुवात केली. नाव आणि पासवर्ड टाकून आत घेणारा संस्थेचा सर्व्हर अजून तीच जुनी भाषा बोलत होता. कार्डाचा संबंधच नव्हता. कोऱ्या इन्स्टॉलमध्येही तेच ओपनएसएसएल येतं, मग फॉरमॅटने काय बदलणार?

गवाक्ष

@कानामात्रा, विंडोज १० च्या सुरुवातीला असंच उलट्या बाजूने झालं होतं. अपग्रेडआधीचं जुनं व्हीपीएन सॉफ्टवेअर नेटवर्कच्या मार्गात आपला फिल्टर ड्रायव्हर सोडून जायचं आणि वायफायची यादी रिकामी दिसायची. अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर पुनःपुन्हा टाकणाऱ्यांच्या हाती काही लागत नव्हतं. तो उरलेला फिल्टर काढला की यादी परत.

सरळमार्गी

@मध्यरात्र, लाइव्हची परीक्षा आजपासून करणार. पेनड्राइव्ह बनवतोच, मग पाच मिनिटं जास्त द्यायला हरकत नाही.

@कानामात्रा, तुमचा शनिवार-रविवार वाचून वाईट वाटलं. घरचं चालतं आणि एकच ठिकाण चालत नाही, अशा वेळी मीही फॉरमॅट सुचवणार नाही. अ‍ॅडॅप्टरच दिसत नाही तेव्हाचं मी बोलतोय.

तिथे माझं मत बदललेलं नाही. ज्या माणसाला मशीन फक्त वापरायचं आहे, त्याला लाइव्हवर वायफाय चालतंय हे दिसलं की मी काळी यादी शोधत बसणार नाही. त्याच्या मशीनवर अशा आणखी किती जुन्या फाइली पडून असतील ते मला माहीत नसतं आणि त्यालाही आठवत नसतं.

अनुस्वार

मग एवढं तरी करा. फॉरमॅटआधी 'डीमेसेज' आणि 'एलएसपीसीआय -के'चं आउटपुट एका फाइलमध्ये घालून पेनड्राइव्हवर ठेवा. पुढच्या वेळी तेच झालं तर ताडून पाहायला काहीतरी असेल.

सरळमार्गी

ठेवतो. त्या माणसाच्या नावाने फोल्डरच करतो. फॉरमॅट मात्र मारणार.